रस्त्यावरचा कलामहोत्सव, तीन पिढ्या आणि एक रविवार: कसा घालवावा? (नाशिक)

अबोली | गुरुवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. आम्ही गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला राहतो. येत्या रविवारी आमच्या कॉलनीच्या मधल्या रस्त्यावर कलामहोत्सव आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ रस्ता गाड्यांना बंद. चित्रकार, कुंभाराचं चाक, तांब्याचं काम, रांगोळ्या, बोहाड्याची (मुखवटे घालून नाचणारी) सोंगं, पथनाट्य, कळसूत्री बाहुल्या आणि संध्याकाळी ढोल असं सगळं पत्रकात लिहिलंय.

गेल्या वर्षीही झाला होता. आम्ही सहा जण हौसेने गेलो आणि दीड तासात घरी परतलो. गेलोच अकराला, तेव्हा ऊन चढलेलं. धाकटा सहा वर्षांचा, तो चेहरा रंगवायच्या रांगेत पाऊण तास उभा राहून शेवटी रडायला लागला. मोठी बारा वर्षांची होती, ती मोबाईलमध्ये मान घालून चालत होती. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. त्यांना टेकायला कुठे जागाच मिळाली नाही, तरी ते "मी ठीक आहे, तुम्ही बघा" म्हणत राहिले. सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी सगळ्यांकडे बघत राहिले. चित्रं कुणीच बघितली नाहीत. घरी येऊन वरण-भात लावला तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण असं काही दाराशी येऊन वर्षातून एकदाच होतं.

यंदा तसं व्हायला नको आहे. घरातल्या सगळ्यांना घेऊन अशा ठिकाणी दिवस घालवलाय अशांनी सांगा, नेमकं काय करता? यजमान म्हणतात, मुलांना घेऊन तू जा, आई-बाबांना घरीच राहू दे. मला ते पटत नाही.

---

सिडकोकर | गुरुवार, ११:०५

वाचतोय. आमच्याकडेही हाच प्रश्न, फक्त गुडघे आईचे.

---

तर्री | गुरुवार, ११:१२

सकाळी मिसळ खाऊन मगच जा. तिथल्या स्टॉलवर खायचं ठरवलं की निम्मा वेळ रांगेत जातो. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी. झालं. आता द्राक्षंही आलीत, डबाभर धुऊन न्या.

---

दुतोंड्या | गुरुवार, ११:५०

अबोलीताई, तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे. "मधल्या रस्त्यावर" म्हणजे घर हाकेच्या अंतरावर. मग एका दमात बारा तास काढायची गरजच काय? आपल्याकडे फेब्रुवारीत सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी टोपी. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा एक फेरी, घरी जेवण, वामकुक्षी, आणि साडेचारनंतर दुसरी फेरी. दुपारी कलाकारही सावली शोधत असतात.

आणखी एक. नाशिकला रस्त्यावरची कला नवी नाही. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक इथल्या पेशवेकाळापासूनच्या रहाडी बघा. वर्षभर त्या बुजवलेल्या असतात, वरून आपल्या गाड्या जातात, आणि रंगपंचमीला उघडल्या की खाली रंगाचा हौद! प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, फुलं उकळून केलेला. पूजा झाल्याशिवाय कुणी उडी घेत नाही. कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात, तेव्हा अख्खं जुनं नाशिक रस्त्यावर असतं. माझी आजी रथ बघायला कधी रथामागे पळाली नाही. एका ओळखीच्या ओट्यावर दुपारपासून बसायची, रथ तिच्यासमोरून जायचा. तुम्हीही सासू-सासऱ्यांसाठी एक ओटा शोधा, मग बाकीचं सोपं आहे.

---

सिडकोकर | गुरुवार, १२:२०

रहाडीत सहा वर्षांच्या पोराला नेऊ नका म्हणजे झालं. मी विशीत पहिला धप्पा घेतला (उडी हो), कानात आठवडाभर रंग होता.

---

दुतोंड्या | गुरुवार, १२:३१

पोराला काठावर उभं करायचं हो, खांद्यावर घेऊन. माझ्या वडिलांनी मला तसंच दाखवलं. पण विषयाला धरून राहू या, नाहीतर अबोलीताईंचा धागा रंगपंचमीपर्यंत चालेल.

---

कोपऱ्यावरचं_घर | गुरुवार, दुपारी २:१५

थोडं वेगळं लिहिते, कुणी रागावू नये.

माझं घर अशाच एका रस्त्यावर आहे (अबोलीच्या नाही, दुसऱ्या भागात). दोन वर्षांपूर्वी असा कार्यक्रम होता त्या दिवशी माझ्या आईला दम लागला. गाडी फाटकाबाहेर काढायला पंचवीस मिनिटं लागली, कारण फाटकासमोर स्टॉल लावला होता आणि स्पीकरच्या आवाजात माझं ओरडणं कुणाला ऐकू जात नव्हतं. आई बरी झाली. पण त्यानंतर "रस्त्यावरची कला" म्हटलं की मला आधी तो स्टॉल दिसतो.

माझा कलेला विरोध नाही. रस्ता ज्यांच्या दारातून जातो त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. सोसायटीच्या फळ्यावर नोटीस चिकटवली की विचारणं झालं, असं धरून चालतात.

---

अबोली | गुरुवार, २:४०

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. वाचून पोटात गोळा आला. मी आजच आयोजकांमधल्या एका काकांना भेटते आणि फाटकांचं विचारते. आमच्या रस्त्यावर दोन घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत.

---

जलरंग | गुरुवार, ४:१०

मी अशा महोत्सवांत चित्र काढायला बसतो, म्हणून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

आमच्यासमोरून दिवसभरात शेकडो माणसं जातात. बहुतेक जण चालता चालता बघतात, "वा, फोटोच वाटतोय" म्हणतात आणि पुढे सरकतात. वाईट वाटत नाही, सवय झाली. पण ज्या घरातलं एखादं लेकरू कोऱ्या कागदापासून सहीपर्यंत शेजारी बसतं, ते घर मला वर्षभर लक्षात राहतं. जलरंगातलं साधं चित्र चाळीस-पन्नास मिनिटांत होतं. म्हणून माझा सल्ला: दहा स्टॉल बघू नका. दोन निवडा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा.

जलरंगात काय बघायचं तेही सांगतो. आम्ही पांढरा रंग सहसा लावत नाही. देवळाच्या कळसावर ऊन दाखवायचं तर तेवढा कागद कोरा ठेवतो. म्हणजे सगळ्यात उजळ जागा आधी मनात ठरवावी लागते आणि हात आवरावा लागतो. मग फिकट, नंतर गडद. कागद ओला असताना रंग सोडला की कडा विरघळतात, तसंच गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, पाण्यातलं प्रतिबिंब होतं. वाळल्यावर लावला की कड धारदार, ती दगडी पायरी. पोराला एवढंच विचारायला सांगा, "कुठली जागा कोरी ठेवलीय?" कुठलाही चित्रकार खूश होऊन दाखवेल. गोदाघाट रंगवत रंगवत आपल्याकडे पिढ्या शिकल्या. शिवाजी तुपे यांच्यासारख्या ज्येष्ठांची घाटाची चित्रं बघत आम्ही वाढलो, आणि तेही आधी कुणाच्या तरी मागे उभं राहूनच.

चेहरा रंगवायच्या रांगेत पाऊण तास उभं राहण्यापेक्षा तोच पाऊण तास असा गेला तर बघा.

---

ठिपका | गुरुवार, ४:५५

जलरंगकाका, शंभर टक्के अनुमोदन.

अबोलीताई, तुमच्या मोठीबद्दल. मी आता बावीस वर्षांची आहे, म्हणजे तेरा वर्षांची होते ते अजून नीट आठवतं. आई-बाबांबरोबर ओळीने चालायचं आणि "हे बघ, ते बघ" ऐकायचं, याचा जीव नकोसा व्हायचा. मोबाईल हे लपायचं ठिकाण होतं. मला कुणीतरी काम द्यायला हवं होतं. असाच एक कार्यक्रम होता, तिथे रांगोळी काढणाऱ्या एका मावशींनी मला चाळणीतून रंग चाळायला बसवलं. नंतर गालिच्याचा एक कोपरा भरायला दिला. चार तास मान वर केली नाही. मुठीतून रांगोळी सोडताना अंगठा आणि पहिलं बोट यांतून ती किती सुटते, हे हाताला कळायला तासभर लागतो, आणि ते कळलं ना, की घरी जावंसं वाटत नाही.

आयोजकांना स्वयंसेवक हवेच असतात. विचारून बघा.

---

निवांत | गुरुवार, ५:३०

तिला तीनशे रुपये द्या, अमुक झाडाखाली दीड वाजता भेट म्हणा आणि सोडा. मोठी होते मुलगी.

---

चिमणीची_आई | गुरुवार, ५:४४

निवांत, गर्दीत तेरा वर्षांच्या मुलीला एकटीला सोडायला मी तयार होणार नाही. दारातला रस्ता असला तरी त्या दिवशी माणसं गावभरची असतात. एखादी मैत्रीण बरोबर असेल तर वेगळं. ठिपकाचं म्हणणं जास्त पटलं. कामही होतं आणि ती कुठे आहे हेही ठाऊक असतं.

---

निवांत | गुरुवार, ५:५२

मान्य. मैत्रीण हवीच, हे मी लिहायला हवं होतं.

बसायच्या सोयीबद्दल मात्र ठामपणे सांगतो. माझं वय बहात्तर. आपली वसंत व्याख्यानमाला १९२२ साली सुरू झाली, गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात भरते. मी वडिलांचं बोट धरून जायचो, आता काठी धरून जातो. तिथे म्हातारी माणसं दोन-दोन तास थांबतात, कारण बूड टेकायला जागा असते. बसायला जागा नसेल तिथे म्हातारा माणूस "मी ठीक आहे" म्हणतो, आणि त्याचा अर्थ "मला घरी जायचंय" असा असतो. तुमचे सासरे तेच म्हणत होते, ताई. त्यांच्यासाठी घडीची खुर्ची न्या. स्टूल नको, पाठ टेकायला हवी. आणि ती खुर्ची रस्त्याच्या कडेला गर्दीत मांडू नका, कलाकाराच्या शेजारी मांडा. बघायला काहीतरी हवं ना. नुसतं बसवून ठेवलेला म्हातारा म्हणजे सामान राखायला बसवल्यासारखं.

---

अबोली | गुरुवार, रात्री ९:२०

निवांतकाका, हे वाचून मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय गृहस्थाने."

फाटकांचं विचारलं. काकांनी वहीत दोन्ही घरांचे क्रमांक लिहून घेतले, त्या फाटकांसमोर स्टॉल लागणार नाही आणि रस्त्याची एक बाजू रुग्णवाहिका जाईल इतकी मोकळी राहील असं म्हणाले. कोपऱ्यावरचं_घर, तुमच्यामुळे झालं.

एक विचारायचं राहिलं. सासरे नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेत. छपाईत आयुष्य गेलं. त्यांना चित्रांची आवड आहे की नाही हे खरं सांगायचं तर मला माहीतच नाही, कधी विचारलंच नाही. त्यांना कुणाशेजारी बसवू?

---

जलरंग | गुरुवार, ९:४८

प्रेसमधले आहेत? मग विचार कसला करताय! पेन आणि काळ्या शाईने व्यक्तिचित्र काढणारा कुणी असेल तर त्याच्या शेजारी. रेषेची नजर त्या माणसांना असते.

---

तांबटगल्ली | शुक्रवार, सकाळी ८:३०

आमचं घर जुन्या नाशकातलं, आजोबा तांबट. माझा व्यवसाय दुसरा आहे, पण ठोक्याचा आवाज कानात आहे.

पत्रकात तांब्याचं काम आहे असं लिहिलंत म्हणून सांगतो, मुलाला तिथे न्या. पत्रा भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात. लोखंड असं केलं की कडक होईल, तांबं उलटं नरम राहतं. मग त्याला लोखंडी ठोकळ्यावर फिरवत ठोकायचं. ठोकता ठोकता ते पुन्हा कडक होत जातं, आणि जास्त ठोकलं तर तडकतं, म्हणून परत भट्टीत. हे कितीदा करायचं ते आजोबा आवाजावरून ओळखायचे. नरम तांब्याचा आवाज बसका, कडक झालं की टणत्कार. शेवटी मठारकाम, म्हणजे ओळीने एकसारखे ठोके. त्या प्रत्येक ठोक्याचा छोटा आरसा होतो, आणि भांडं मजबूतही होतं. लोकांना ती नुसती नक्षी वाटते.

मुलाला डोळे मिटून आवाज ऐकायला सांगा. कारागिराने हातोडी दिली तर दोन ठोके मारू द्या, हात मात्र त्याने धरलेला असू दे. आणि कृपा करून भाव करू नका. बाजारात यंत्रावर दाबलेला हंडा स्वस्त मिळतो हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

---

पावरी | शुक्रवार, १०:१५

मी पेठ तालुक्यातला, नोकरीसाठी नाशकात. बोहाड्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे बोहाडा, कुणी भोवाडा म्हणतं. गावात तो रात्रभर चालतो, काही ठिकाणी ओळीने कित्येक रात्री. आधी गणपती, मग सरस्वती, मग एकेक सोंग. काही सोंगांचा मान ठरावीक घराकडे असतो. मुखवटा लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा, चांगलाच वजनदार, बघायला बारीक भोकं, म्हणून सोंगाबरोबर वाट दाखवायला माणूस चालतो. संबळ आणि सनई यांच्या तालावर पावलं पडतात. आमच्यासाठी तो देव आलेला असतो. माझी आई सोंगाच्या पाया पडते, मग तो माणूस दिवसा तिच्या शेतावर मजुरीला येणारा का असेना.

शहरातल्या रस्त्यावर त्याचं दहा मिनिटांचं होतं. स्पीकरवरून "आता पाहूया आदिवासी नृत्य" म्हणतात. लोक मधे घुसून मुखवट्याला हात लावून फोटो काढतात. गेल्या वर्षी एकाने माझ्या चुलतभावाला सांगितलं, "जरा रागावून दाखव." त्याने मुखवटा काढून ठेवला आणि पाणी प्यायला गेला.

तरीही आम्ही येतो, बिदागी मिळते आणि पोरांना शहर दिसतं. घरच्या मुलांना एवढंच सांगा: मुखवटा घातलेला असताना अंगाला हात लावू नये, वाटेत उभं राहू नये. सोंग संपलं, मुखवटा उतरला, की मग जाऊन बोला. आमची माणसं खूप बोलतात. मुखवटा हातातसुद्धा देतील.

---

दुतोंड्या | शुक्रवार, १०:४०

पावरी, "पाहूया आदिवासी नृत्य" वाचून खाली मान घातली. हे मीही ऐकलंय आणि टाळ्या वाजवल्यात. सोंगाचं नाव तरी सांगावं माणसाने.

---

अबोली | शुक्रवार, ११:३०

निवेदन करणारी मुलगी आमच्याच इमारतीतली आहे. पावरी, तुमचा प्रतिसाद तिला पाठवला. ती म्हणते, मंडळी आली की सोंगांची नावं त्यांच्याकडूनच लिहून घेईन.

---

चिमणीची_आई | शुक्रवार, दुपारी १:०५

माझी लेक नऊ वर्षांची आहे, स्वमग्न आहे. तिला चित्रं जीव की प्राण आणि ढोल असह्य. वीस फुटांवर अचानक नाशिक ढोल सुरू झाला की ती जमिनीवर बसते आणि कान दाबून किंचाळते, आणि आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघतात. त्या बघण्यामुळे तीन वर्षं आम्ही कुठेच गेलो नाही.

मग एका ठिकाणी मी आधी जाऊन विचारलं, ढोल किती वाजता? ते म्हणाले, साडेसहाला, आणि साडेसहालाच वाजवला. आम्ही सहाला निघालो. त्याआधी तिने एका भिंतीवरच्या चित्रात निळा रंग भरला, अडीच तास, एकही शब्द न बोलता. तिथल्या दादाने तिला काही विचारलं नाही, फक्त रंग संपला की वाटी भरून ठेवत होता. त्या दादाचं नाव मला माहीत नाही. रोज आठवतो.

अबोली, वेळापत्रक मोठ्या अक्षरात लावायला सांगशील? आणि ढोल ठरल्या वेळेच्या आधी सुरू करू नका म्हणावं. आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं.

---

सिडकोकर | शुक्रवार, १:३०

मी ढोलपथकात वाजवतो. आम्हाला कुणी हे कधी सांगितलं नव्हतं. लोक जमले की मुलांचे हात शिवशिवतात आणि वेळेआधी सुरू होतं. रविवारच्या पथकातले दोघे ओळखीचे आहेत. फोन करतो.

---

चिमणीची_आई | शुक्रवार, १:३३

_/\_

---

अबोली | सोमवार, रात्री १०:५०

मंडळी, काल इतके दमलो होतो की लिहायला बसता आलं नाही. आज सविस्तर लिहिते.

दुतोंड्यांचं ऐकलं, दोन फेऱ्या केल्या. सकाळी साडेनऊला पोचलो तर अर्धे कलाकार अजून मांडामांड करत होते. ती वेळ सगळ्यात छान होती. रस्ता धुतलेला, उन्हं कोवळी. मोठीला आणि तिच्या मैत्रिणीला रांगोळीवाल्या काकूंकडे सोपवलं. दुपारी जेवायला बोलावलं तर "किनार राहिलीय" म्हणून आलीच नाही, पोळीचा रोल तिथे नेऊन दिला. रात्री तिची बोटं जांभळी होती. ठिपका, तुला तिने नमस्कार सांगितलाय.

धाकट्याला तांब्याच्या ठोक्यांनी खिळवलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पाच मिनिटं डोळे मिटून बसला आणि मग पळाला. तो अडकला कुंभाराच्या चाकाशी. सव्वा तास! चाकावरच्या गोळ्याला अंगठा लावला की खळगा पडतो आणि भिंत वर येते, ते पाहून दर वेळी ओरडत होता. शेवटी त्याला एक वाकडी पणती करून घेऊ दिली. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ मात्र झालाच नाही. का ते कळलं नाही, तो थोडा हिरमुसला. आणि दुपारी साडेबारानंतर खाण्याच्या बाजूला जी गर्दी झाली तिथून दोन पावलं चालता येईना. त्या टोकाला आम्ही गेलोच नाही.

आता सासऱ्यांचं. पेनने व्यक्तिचित्रं काढणारा एक पंचविशीतला मुलगा होता. त्याच्या शेजारी खुर्ची मांडली. पहिली वीस मिनिटं बाबा काही बोलले नाहीत. मला वाटलं, कंटाळले. मग पुढे वाकून म्हणाले, "गालावर रेषा आडव्या का घेतल्या? गोलाईबरोबर वळव की." मी एकदम ओशाळले, पण तो मुलगा थांबला आणि म्हणाला, "दाखवा ना आजोबा."

बाबांनी खिशातून पाचशेची नोट काढली. चष्मा वर करून नोट डोळ्यांपाशी नेली आणि गांधीजींच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाले, इथे कुठे करडा रंग दिसतोय तो रंग नाही. नुसत्या रेषा आहेत, जाड-बारीक, आणि त्या गालाच्या वळणाने वळतात. सावली हवी तिथे दुसऱ्या रेषा त्यांना छेद देतात. मग त्यांनी त्या मुलाला डोळे मिटायला लावले आणि त्याचा अंगठा नोटेवरून फिरवला. शाई उभारलेली लागते. कडेला पाच तिरक्या रेषा असतात त्याही लागतात. शंभराच्या नोटेवर चार, पाचशेच्या पाच, ज्यांना दिसत नाही त्यांना बोटाने नोट ओळखता यावी म्हणून. हे त्यांनी सांगितलं तेव्हा भोवती पंधरा-वीस मुलं जमली होती आणि प्रत्येक जण आपापल्या आईकडे नोट मागत होतं.

लग्न होऊन सोळा वर्षं झाली, मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला घरी येऊन मलाही असंच दाखवायचे. मग तुझे यजमान झाले, मग कोण बघतंय."

पुढचं चित्र त्या मुलाने बाबांचंच काढलं. गालावरच्या रेषा वळवल्या. पैसे घेत नव्हता, बाबांनी बळेच दिले.

संध्याकाळी बोहाड्याची मंडळी आली. निवेदनात प्रत्येक सोंगाचं नाव होतं. फोटोसाठी दोघे-तिघे मधे घुसलेच, पण त्यांना आमच्या धाकट्याने मोठ्याने "वाटेत उभं राहायचं नाही!" असं सुनावलं. ढोल सातला म्हटला होता, सात वाजून दोन मिनिटांनी सुरू झाला. सिडकोकर, धन्यवाद.

---

चिमणीची_आई | सोमवार, ११:१०

आम्ही आलो होतो, अबोली. साडेचार ते साडेसहा. वेळापत्रक फाटकाशीच दिसलं. लेक रांगोळीपाशी बसली होती, एका जांभळ्या बोटांच्या मुलीने तिला न विचारता रंगाची वाटी पुढे सरकवली. ती तुझी होती का?

---

अबोली | सोमवार, ११:१४

हो. तीच. मला घरी काहीच बोलली नाही.

---

कोपऱ्यावरचं_घर | मंगळवार, सकाळी ७:५०

सकाळी वाचलं. फाटकं मोकळी राहिली का?

---

अबोली | मंगळवार, ८:२०

सकाळी राहिली. दुपारी एका फाटकासमोर कुणीतरी दुचाकी लावल्या होत्या, त्या काकांनी स्वतः उचलून हलवल्या. पुढच्या वर्षी तिथे दोरी बांधणार आहेत. तुम्ही या ना आईंना घेऊन. आमच्या ओट्यावर बसू.

---

कोपऱ्यावरचं_घर | मंगळवार, ८:४१

आईला विचारते.

---

पावरी | मंगळवार, ९:३०

भाऊ सांगत होता, नाशकात एका बाईने नावं विचारून लिहून घेतली, आणि एक चष्मेवाले म्हातारे मुखवट्याचा कागद किती थरांचा ते विचारत अर्धा तास बसले होते. तुमचेच असणार.

---

अबोली | मंगळवार, ९:५५

आमचेच! कुठे गायब झाले होते ते आत्ता कळलं.

जलरंगकाका, शेवटचा प्रश्न. बाबांना आज सकाळपासून टाक हवाय. निब बदलता येणारा, दौतीत बुडवून लिहायचा. आणि काळी शाई. कुठे मिळेल?

---

जलरंग | मंगळवार, १०:२०

मेनरोडला चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात विचारा, टाक आणि निबा दोन्ही मागा. बारीक टोकाच्या तीन-चार निबा घ्या, नवी निब वापरण्याआधी पुसून घ्यावी लागते, तिला तेल असतं. शाई पाण्याने न उतरणारी मागा. कागद गुळगुळीत आणि जाड, खरबरीत कागदावर टोक अडकतं. त्यांना बरोबर न्या, निब त्यांनाच निवडू द्या.

---

अबोली | मंगळवार, १०:२६

आज पाचला नेते. घडीची खुर्ची रिक्षात घालते, दुकानात बसायला नसलं तर.